निकाल रुग्णापर्यंत पोहोचावा

(जालना येथे आशा सेविका व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यापुढे केलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून माहिती पोहोचविणे हे माझे काम आहे. म्हणून क्षयरोगाच्या तपासणीविषयी मी एवढेच विचारतो : प्रयोगशाळेला जे कळले, ते रुग्णाला कळले काय?

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. आज थुंकीचा नमुना आधुनिक यंत्रात घातला की सुमारे दोन तासांत निदान होते. परंतु तेथून रुग्णाच्या घरापर्यंतची वाट यंत्राला चालता येत नाही. ती आपणच चालावयाची आहे.

आपल्या जिल्ह्यात ही वाट अधिकच लांबते. दिवाळीच्या आगेमागे मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; गाडी दारात आली की निकालासाठी थांबता येत नाही.

एका आरोग्यसेविकेने सांगितलेली हकीगत मी विसरलो नाही. एका तरुण मातेने थुंकीचा नमुना दिला आणि दोन दिवसांनी ती फडावर गेली. वहीत क्षयाचे निदान नोंदले गेले. तिला मात्र कोणी कळविले नाही. निरोप नाही, त्या अर्थी सर्व ठीक, असे तिने मानले. ती परतली तेव्हा तिचे लेकरूही खोकत होते. निकाल कोणी कळवावयाचा, हे ठरलेलेच नव्हते.

उपाय साधे आहेत. नमुना घेतानाच विचारावे, ‘पुढील महिन्यात आपण कोठे असाल?’ रुग्णाच्या विश्वासातील एका व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या संमतीने लिहून घ्यावा. नोंदवहीत ‘रुग्णास कळविले : दिनांक व सही’ असा रकाना असावा आणि दर शनिवारी कोऱ्या रकान्यांचा शोध घ्यावा. २०१२ पासून ‘निक्षय’ प्रणाली आहे. तिच्यातील क्रमांकावरून स्थलांतरित रुग्णाचे उपचार दुसऱ्या जिल्ह्यातही चालू ठेवता येतात.

दोष आढळला नाही, तरी तेही कळवावे. खोकला टिकल्यास पुन्हा येण्यास सांगावे. दोष आढळल्यास मात्र तो चावडीवर उच्चारू नये. रुग्णाला एकांतात सांगावे, आणि त्याच बैठकीत धीरही द्यावा : औषधे मोफत आहेत, साध्या क्षयावर सहा महिन्यांचे उपचार पूर्ण केल्यास रोग बरा होतो, आणि उपचारकाळात पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये साहाय्य लागू झाले आहे.

मित्रहो, कोऱ्या रकान्यामागे वाट पाहणारे एक माणूस असते. आज परत गेल्यावर प्रथम वही उघडा, ही विनंती.