रंग काय सांगतो?

आपल्या मराठीत माणसाच्या प्रकृतीची चौकशी बऱ्याचदा रंगावरूनच होते. आजारातून उठलेल्या माणसाला आपण म्हणतो, 'तोंडावरचा रंगच गेला की रे!' भ्यायलेला माणूस पांढराफटक पडतो, रागावलेला लालबुंद होतो, चिंतेनं माणूस काळवंडतो, मार लागला की अंग काळंनिळं पडतं. आमच्या घरात दखनी बोलतात. तिथं आजारी माणसाकडे बघून 'कैसा पीला पड गया' म्हणतात. शब्द वेगळे, पण पाहणारी नजर एकच.

हल्ली मात्र रंगांविषयी निराळंच ऐकू येतं. पित्त वाढलं तर निळं घाला, कफ झाला तर लाल घाला, रंगीत बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवा आणि प्या, म्हणजे आजार पळेल. वर सांगतात, हे सगळं आयुर्वेदात आहे. मी काही वैद्य नव्हे. पण शब्दांत रमणारा माणूस असल्यामुळे जुने ग्रंथ मराठी अर्थासह चाळत असतो. त्यात रंगांविषयी जे आहे, ते या ऐकीव गोष्टींपेक्षा किती तरी शहाणपणाचं आहे.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांचा 'भावप्रकाश' घ्या. रोज कसं वागावं हे सांगताना ते कपड्यांच्या रंगाबद्दलही बोलतात. थंडीत रेशमी, लोकरीचं आणि तांबडं वस्त्र वापरावं, ते वात आणि कफ कमी करतं. उन्हाळ्यात काषाय, म्हणजे भगवट रंगाचं वस्त्र वापरावं, ते थंड आणि पित्त शमवणारं. पावसाळ्यात पांढरं वापरावं, कारण ते फार उष्णही नाही आणि फार थंडही नाही. चरकसंहितेत शरद ऋतूसाठी स्वच्छ वस्त्रं, त्या ऋतूतल्या फुलांच्या माळा आणि संध्याकाळचं चांदणं सांगितलं आहे. शरदात पित्त खवळतं, म्हणून डोळ्यांना आणि अंगाला निववणारं असं काही जवळ असावं, हा त्यामागचा विचार.

ही सगळी ऋतुमानानुसार सुखानं राहण्याची रीत आहे. आमच्या पेडगावच्या शिवारात मे महिन्याचं ऊन अंगावर घेणारा शेतकरी पांढरं धोतर नि पांढरा सदरा का घालतो, हे त्याला कुठल्या ग्रंथानं शिकवलेलं नाही. पांढरा रंग ऊन परतवतो, हे त्याच्या पाठीला कळतं.

रंगानं मनाला उभारी येते, हेही खरं. डोहाळेजेवणाला लेकीला हिरवी साडी नेसवतात, हिरवा चुडा भरतात. आमच्याकडे सतवाशाला तसाच हिरवा चुडा असतो. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात हिरवी चादर बघून माणसाचं मन निवतं. जानेवारीत करडई फुलते, पिवळ्याचं केशरी होत जातं, तेव्हा बांधावर उभ्या माणसाचा शीण उतरतो. आजारी माणसाच्या खोलीत उजेड असावा, भिंत स्वच्छ असावी, पांघरूण त्याच्या आवडीच्या रंगाचं असावं. याला पैसा लागत नाही आणि नुकसान तर काहीच नाही.

पण आयुर्वेदात रंगाचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. तिथं रंग साक्षीदार आहे. रोग्याची आठ प्रकारे परीक्षा करावी, असं योगरत्नाकरात सांगितलं आहे: नाडी, मूत्र, मळ, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे आणि एकूण आकृती. यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी वैद्याला रंगच बघायचा असतो. आमचे युनानी हकीमही कारुरा, म्हणजे लघवी, बाटलीत धरून उजेडात तिचा रंग बघत.

पांडुरोगाचं उदाहरण घ्या. त्याचं नावच रंगावरून पडलं. माणूस फिका, पांढुरका पडतो, दम लागतो, अंगात त्राण राहत नाही. चरकांनी यावर काय दिलं? तांबडं वस्त्र नाही दिलं. लोह दिलं. नवायस चूर्णात लोहभस्म असतं. रंगानं आजार दाखवला आणि औषध लोखंडानं केलं. आज आपण त्याला रक्तक्षय म्हणतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आमच्या नानी पोरीबाळींच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघत. आत गुलाबी दिसलं की सोडून देत.

कावीळ म्हणजे कामला. तिचं वर्णन करताना चरक म्हणतात की डोळे, त्वचा, नखं, तोंड हळदीसारखं होतं, माणूस बेडकाच्या रंगाचा दिसतो. एका प्रकारात मळ मात्र वाटलेल्या तिळासारखा पांढरट होतो, कारण पित्ताची वाट अडलेली असते. आजचे डॉक्टरही पांढरट मळ दिसला की पित्तनलिकेत अडथळा आहे का, हे आधी बघतात. इतक्या जुन्या काळी नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेलं हे निदान वाचताना मी थक्क होतो.

मग रंगानं रोग बरे करण्याची कल्पना आली कुठून? तिचा बराचसा भाग अलीकडचा आहे. अमेरिकेत एडविन बॅबिट यांनी १८७८ साली प्रकाश आणि रंगावर मोठं पुस्तक लिहिलं. पुढे १८७३ साली मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ दीनशा घडियाली अमेरिकेत गेले आणि १९२० साली त्यांनी 'स्पेक्ट्रो-क्रोम' नावाचं यंत्र काढलं. आत दिवा आणि पुढे रंगीत काचा. मधुमेह, क्षय असे आजारही त्यानं बरे होतात, असा त्यांचा दावा होता. १९४७ साली तिथल्या न्यायालयानं त्यांना खोट्या दाव्यांबद्दल दोषी ठरवलं.

रंगीत प्रकाशानं खरोखर बरं होणारं एक उदाहरण मात्र आहे, आणि तेही काविळीचंच. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना उन्हात नेत. एका बाळाचं उघडं अंग उजळलं होतं आणि झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिला होता, हे त्यांनी दाखवलं. त्यातून १९५८ साली उपचार पुढे आला. आज नवजात बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात. तो प्रकाश त्वचेत शिरून पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतो, मग ते शरीराबाहेर टाकलं जातं. हे मोजून दिलेल्या प्रकाशाचं काम आहे. निळ्या दुपट्यानं ते होत नाही.

आता जे सांगायचं म्हणून मी आज बोलायला बसलो, ते सांगतो. आपल्याकडे अजून 'कावीळ उतरवतात'. रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतात आणि पाणी पिवळंधमक होतं. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्याला भेटला की पिवळा होतो. निरोगी माणसाच्या हातानंही तेच होतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हे करून दाखवलं आहे.

आमच्या भागातल्या एका घरात सातव्या महिन्यातल्या सुनेला कावीळ झाली. तीन दिवस हात धुतले. रोज पाणी थोडं कमी पिवळं होई आणि घरच्यांना वाटे, उतरते आहे. तिच्या डोळ्यांकडे कुणी पाहिलं नाही. चौथ्या दिवशी ती बरळायला लागली, तेव्हा दवाखाना गाठला. सून वाचली. बाळ गेलं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, हे तिथं पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडलं.

भांड्यातलं पाणी पाहणाऱ्या त्या घराला चरकांनी एवढंच सांगितलं असतं, की माणसाकडे पाहा. म्हणून श्रोतेहो, घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. गरोदर बाई असेल तर तासाचाही उशीर नको. बाळ दोन आठवड्यांचं झालं तरी पिवळं असेल किंवा त्याची शी पांढरट असेल, तर 'जाईल आपोआप' म्हणू नका. लेकीसुनांच्या पापणीचा रंग अधूनमधून बघत चला आणि फिका वाटला तर रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात.

आणि हो, ओढणी हिरवी घ्या, भिंत पिवळी रंगवा, पांघरूण तांबडं निवडा. रंग जगण्याला गोडी आणतात, ती जरूर घ्यावी. आजाराचा रंग दिसला की मात्र औषध औषधाच्या ठिकाणीच शोधावं.