मालगाडीचं इंजिन



आगगाडीवर कवींनी पुष्कळ लिहिलं. शिट्टी, धूर, फलाटावरचा निरोप. पण त्या गाड्या मेल नाहीतर पॅसेंजर. मालगाडीच्या इंजिनासाठी कुणी एखादी ओळ खर्ची घातल्याचं मला तरी आठवत नाही. वास्तविक आमच्या वऱ्हाडात रेल्वे आली ती माणसांपेक्षा कापसाच्या ओढीनं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रजांची नजर आपल्या काळ्या मातीवर गेली. पुढं १८७० साली जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा झाला, तो खामगावच्या कापूस बाजारासाठीच. आमच्या दुसरबीडला मात्र रूळ अजून आलेले नाहीत. गाडी धरायची तर जालना गाठावं लागतं.

अमेरिकेशी दुसरा संबंध आला तोही युद्धातच. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे कारखाने युद्धसामग्रीत गुंतले, आणि हिंदुस्थानातल्या रेल्वेसाठी अमेरिकेतून मालवाहू इंजिनं आली. त्यातला एक वर्ग ‘एडब्ल्यूई’, फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याचा. पुढं दोन लहान चाकं, मध्ये आठ मोठी, मागं पुन्हा दोन लहान. या मांडणीला ‘मिकाडो’ म्हणत, कारण १८९७ साली बाल्डविननं अशी इंजिनं जपानसाठी बांधली होती आणि मिकाडो म्हणजे जपानचा सम्राट. जपाननं अमेरिकेवर हल्ला केल्यावर तिकडं हेच नाव बदलून ‘मॅकआर्थर’ केलं गेलं. लोखंडालाही नामांतर चुकत नाही!

ही मांडणी उगाच नव्हती. मेलच्या इंजिनाला वेग हवा, म्हणून चाकं उंच. मालगाडीला ओढ हवी, म्हणून चाकं बुटकी आणि जास्त. वजन आठ चाकांवर पडतं आणि ती रूळ घट्ट धरतात. मागची दोन लहान चाकं भट्टीचा भार घेतात. जुन्या इंजिनांत भट्टी मोठ्या चाकांच्या मध्ये कोंबलेली, म्हणून अरुंद. ती मागं सरकली की ऐसपैस करता येते. आपल्या कोळशात राख फार. त्याला जाळी रुंदच लागते. शिवाय अमेरिकन इंजिनाचा सांगाडा पत्र्याचा नसे, जाड लोखंडी पट्ट्यांचा, मोकळा असे. फिटरचा हात आणि पाना आतपर्यंत पोचे. दूरच्या शेडमध्ये, अपुऱ्या हत्यारांनी दुरुस्ती करणाऱ्याचा विचार त्यात होता, आणि मला हाच त्या बांधणीचा खरा गुण वाटतो.

हा विचार पुढं आपलाच झाला. १९४७ साली बाल्डविनकडूनच आलेल्या ‘डब्ल्यूपी’ या प्रवासी इंजिनाचा बॉयलर ‘डब्ल्यूजी’ या मालवाहू इंजिनाला दिला गेला. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली पहिलं डब्ल्यूजी बाहेर पडलं, त्याचं नाव ‘देशबंधू’. १९७० साली शेवटचं बाहेर पडलं, ‘अंतिम सितारा’. निम्मं संस्कृत, निम्मं फारसी. कुणा कारकुनानं सुचवलं असेल तर तो माझ्या जातकुळीचा.

अमेरिकेहून आलेल्या त्या एडब्ल्यूईपैकी एक, १९४३ सालचं, हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये पुन्हा चालतं केलं गेलं. त्याचं नाव ‘विराट’. जुनं इंजिन उभं करणं म्हणजे रंगरंगोटी नव्हे. बॉयलरच्या गंजलेल्या नळ्या काढून नव्या बसवायच्या. मग वाफ न करता आधी पाणी ठासून दाब द्यायचा, कारण पाण्यानं शिवण उसवली तर पाणी गळतं, वाफेनं उसवली तर माणसं मरतात. भट्टीच्या छतात वितळणारी बूच असते. छतावरचं पाणी आटलं की ती वितळते आणि वाफ भट्टीत सुटून आगवाल्याला सावध करते.

नळ्या नव्या मिळतात, बूचही मिळते. आगवाला कुठून आणायचा? ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची गाडी १९९५ साली थांबली. म्हणजे त्या भट्टीपुढं पगारी नोकरी केलेला सर्वांत तरुण माणूसही आज पन्नाशी ओलांडून गेलेला, बहुतेक तर सत्तरीपुढचे. कोळसा जाळीवर कुठं पातळ पसरायचा, कुठं जाड ठेवायचा, चढ येण्याआधी किती अंतरावर फावडं हाती घ्यायचं, हे कागदावर थोडं होतं आणि मनगटात जास्त. काळा धूर निघाला तर कोळसा जास्त पडला, करडा निघाला तर ठीक. ड्रायव्हर वळून बघायचा तो धुराकडं, आगवाल्याकडं नव्हे.

भुसावळ, अकोला, पूर्णा या गावांत अशी माणसं अजून भेटतील. तुमच्या घरात कुणी असतील, गल्लीत असतील, तर त्यांच्यासमोर टेपरेकॉर्डर किंवा मोबाईल ठेवून बसा. घाटात इंजिन घसरायला लागलं की वाळू कशी सोडायची, तिथपासून सुरुवात करा. पुढचं ते आपणहून सांगतील.