मुक्त अक्षरांचे ऋण

(नागपूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



लग्नघरी ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले की विधीसाठी शास्त्रीबुवा येतात आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले की स्वयंपाकघरातून महाराज येतात. एका अर्ध्या ‘र’ने अर्थ पालटतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ही मराठीची खूण आहे. संगणकाच्या पडद्यावर ती नीट उमटावी, यासाठी कोणाला तरी तासन् तास बसून काम करावे लागले आहे. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात 2008 साली स्वतंत्र स्थान मिळाले.

हे काम कोणी केले? भारतीय भाषा लिनक्सवर आणण्यासाठी 2000 साली मुंबईत ‘इंडलिनक्स’ हा स्वयंसेवी प्रकल्प उभा राहिला. 2004 मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे टंक मुक्त परवान्याने समाजाला दिले. त्यांची मूळ घडण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने केली होती. पुढे त्या मालिकेत मराठीही आली. जोडाक्षरे जुळवणारी ‘हार्फबझ’ ही आज्ञावली आज अँड्रॉइड फोनपासून लिबरऑफिसपर्यंत सर्वत्र आहे. या साऱ्यांची मूळ संहिता खुली आहे. ती कोणीही वाचावी, सुधारावी आणि इतरांना द्यावी. ज्ञान विकू नये, वाटावे, ही आपल्याकडील जुनीच धारणा येथे नव्या रूपात दिसते.

परंतु जे विनामूल्य मिळते, ते विनासायास टिकत नाही. 2014 साली ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. महाजालावरील असंख्य संकेतस्थळांचे व्यवहार ज्या प्रकल्पाच्या भरवशावर चालत होते, त्याला वर्षाकाठी देणगी मिळत होती सुमारे 2000 डॉलर! 2024 साली ‘एक्सझेड’ या प्रकल्पात याहून भयंकर प्रकार घडला. तेथे एकच थकलेला स्वयंसेवक सारा भार वाहत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका अज्ञाताने दोनेक वर्षे त्याचा विश्वास संपादन केला आणि शेवटी चोरदरवाजा बसवला. एका दक्ष अभियंत्यामुळे तो वेळीच सापडला. पहारेकरी एकटा आणि थकलेला असेल, तर भिंत कितीही भक्कम असून काय उपयोग?

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोश मंडळाची स्थापना याच नगरीत केली. सरकारी कृपेची वाट न पाहता त्यांनी समाजात भाग विकून भांडवल उभे केले. पुढे कार्यालय पुण्यास गेले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 विभाग सिद्ध झाले. मराठी माणूस त्या ग्रंथाचा अभिमान बाळगतो. पण 1937 साली निवर्तलेल्या केतकरांचा अखेरचा काळ आर्थिक ओढाताणीत गेला, हे मात्र तो विसरतो. कार्य जगले, कर्ता झिजला. समाजाने फळ घेतले. झाडाला पाणी घालण्याचे राहून गेले.

तीच चूक पुन्हा होऊ द्यायची काय? ‘झिरोधा’ या भारतीय कंपनीने 2024 साली मुक्त प्रकल्पांसाठी दरवर्षी 10 लाख डॉलरचा निधी जाहीर केला. हे स्तुत्य आहे. पण एका दात्यावर विसंबणे म्हणजे पुन्हा एकाच खांबावर छप्पर उभारणे होय. लोकमान्यांनी पाठबळ दिलेल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला, तो घरोघरच्या पैशापैशांतून. गुरुपौर्णिमेला ध्वजासमोर यथाशक्ति समर्पण करणाऱ्या कुटुंबांना हा मार्ग वेगळा शिकवावा लागत नाही.

प्रत्येकाला आज्ञावली लिहिता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. शिक्षकांनी मराठी प्रतिशब्द तपासावेत. मुद्रितशोधकांनी कोठे अक्षर तुटते, ते प्रकल्पाला कळवावे. मिहानमधील अभियंत्यांनी आठवड्यातील एक तास द्यावा. ज्या शाळा आणि कार्यालये ही साधने विनामूल्य वापरतात, त्यांनी वाचलेल्या खर्चाचा छोटा अंश दरवर्षी प्रकल्पाकडे पाठवावा. विद्यार्थ्यांनी थकलेल्या स्वयंसेवकाच्या हाताखाली काम शिकावे, म्हणजे त्याच्या मागे कोणी तरी उभे राहील.

मराठीचा अभिमान भाषणांतून पुष्कळ व्यक्त होतो. ती पडद्यावर बिनचूक उमटावी म्हणून रात्री जागणारा कोणी एकटा पडू नये, एवढी व्यवस्था समाजाने केली, तर त्या अभिमानाला अर्थ येईल.