विसर पडतो तो केवळ वयाने नव्हे



सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरगा अशी गावे घेत धाराशिव जिल्ह्यातून कर्नाटकात शिरतो. १९९० च्या दशकात एचआयव्ही महाराष्ट्रात पसरत होता. तेव्हा ट्रकचालक, ऊसतोडीसाठी वा मजुरीसाठी घर सोडणारे पुरुष, आणि त्यांच्यामार्फत घरी राहिलेल्या त्यांच्या पत्नी, यांच्यापर्यंत तो पोहोचला. त्या काळी निदान म्हणजे मृत्यूचे बोलावणेच समजले जाई. १ एप्रिल २००४ पासून देशात शासनाने एआरटी औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला आणि चित्र पालटले. सरकारी दवाखान्यांना एरवी नावे ठेवणाऱ्यांनीही हे श्रेय मोकळ्या मनाने द्यावे. तेव्हा चाळिशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून नातवंडे खेळवीत आहेत.

अशीच एखादी विधवा आजी डोळ्यांसमोर आणावी. वर्षानुवर्षे तिने गोळ्यांची बाटली ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली ठेवली. सुनेला काही ठाऊक नाही, असे ती समजते. ठरल्या तारखेला 'रक्तदाबाची गोळी आणते' म्हणून एसटीने धाराशिवला जाऊन येते. अलीकडे दूध उतू जाते, बाजाराचा हिशेब चुकतो, बोलता बोलता शब्द अडतो, चालताना पाय अडखळतो. घरचे म्हणतात, वय झाले. पण जिचे गुपित तिच्या एकटीच्या स्मरणावर उभे आहे, तिचे स्मरणच ढळू लागले तर गोळीची आठवण कोणी करायची?

हा विषाणू संसर्गानंतर थोड्याच काळात रक्तातील पेशींबरोबर मेंदूत शिरतो. तो चेतापेशींना थेट ग्रासत नाही. मेंदूतील रक्षक पेशींत ठाण मांडतो आणि तेथे धुमसणारा दाह चेतापेशींना इजा करतो. म्हणून अल्झायमरमध्ये जशी ताजी आठवण प्रथम पुसली जाते, तसे येथे सहसा होत नाही. विचार मंदावतात, लक्ष टिकत नाही, दोन कामे एकदम जमत नाहीत, स्वभाव उदासीन होतो. नियमित औषधांमुळे तीव्र स्मृतिभ्रंश आता विरळ झाला आहे. सौम्य विकार मात्र उरला आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली होती, त्यांना त्याचा धोका अधिक. त्यात मधुमेह व रक्तदाबाची भर पडते. तळपायांची आग वा बधिरता हाही याच आजाराचा भाग असू शकतो. आरंभीच्या काळातील स्टॅव्हुडिन या औषधानेही अनेकांच्या नसा दुखावल्या. ते पुढे वापरातून काढून टाकण्यात आले.

मात्र प्रत्येक विसराळूपणाचे खापर एचआयव्हीवर फोडणे हीही चूकच. बी-१२ ची उणीव, थायरॉईड, नैराश्य यांनीही तसेच होते आणि त्यांवर उपाय आहेत. डोकेदुखी, ताप, उलट्या, झापड, झटके वा एका बाजूची दुर्बलता दिसली तर मात्र घरी थांबू नये. क्षयाचा वा बुरशीचा मेंदूज्वर असू शकतो. तेथे दिवस मोलाचे असतात.

गुपिताची आणखी एक किंमत आहे. आजीला झटका आला, मुलाने जवळच्या खासगी डॉक्टरांकडे नेले, त्यांनी फेनिटॉइन वा कार्बामाझेपिन दिले. चालू उपचारातील डोल्युटेग्राविरचे रक्तातील प्रमाण या औषधांनी घटते. डॉक्टरांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. आम्लपित्ताची, कॅल्शियमची वा लोहाची गोळी त्याच वेळी घेतली, तरी औषध पुरेसे शोषले जात नाही.

म्हणजे घरोघर चौकशी करीत फिरावे, असा अर्थ कार्यकर्त्यांनी काढू नये. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीवाचून तपासणी करणे वा कोणाची स्थिती उघड करणे त्यास मान्य नाही. सांगायचे की नाही, कोणाला, हे त्या आजीनेच ठरवायचे. तिच्या विश्वासातील एक माणूस पुरे. बहुधा ती सूनच निघते, आणि तिला बरेच आधीपासून ठाऊक असते. तिने गोळीची वेळ सांभाळावी, पुढच्या खेपेस सोबत जावे आणि घरातील सर्व औषधांच्या चिठ्ठ्या समुपदेशकापुढे ठेवाव्यात. जाणे जमत नसेल तर १०९७ हा विनामूल्य क्रमांक आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.