‘आजारी’ लिहू नका, मॅडम



आज मी माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल बोलणार आहे. तिचं नाव सांगणार नाही. मी इंदूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ती नववीत माझ्या वर्गात आली तेव्हा १४ वर्षांची होती, पण दिसायची दहा-अकराची. तिला थॅलेसेमिया मेजर होता.

हा आजार काय असतो, ते थोडक्यात सांगते. या मुलांच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी त्यांना बाहेरून रक्त द्यावं लागतं. पण रक्ताबरोबर लोहही येतं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नसते. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठत जातं. त्यामुळे वाढ खुंटते, आणि पुढे हृदयही थकतं. हे लोह काढायला वेगळं औषध घ्यावं लागतं. तिचं औषध रोजचं होतं, सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून प्यायचं. ती म्हणायची, “मॅडम, खडू घोळून प्यायल्यासारखं लागतं.”

रक्त घ्यायच्या दिवसाला तिने नाव ठेवलं होतं, ‘पेट्रोल भरायचा दिवस’. आदल्या दिवशी चेहरा पांढराफटक असायचा, जिना चढताना दोनदा थांबायची. दोन दिवसांनी परत आली की मागच्या बाकावरून तिचीच बडबड ऐकू यायची. धातूंचा धडा चालू असताना तिने हात वर करून विचारलं होतं, “माझ्यात इतकं लोखंड आहे, तर मला चुंबक चिकटेल का?” सगळा वर्ग हसला. मग मी खरं उत्तर दिलं, की शरीरातलं लोह प्रथिनांना बांधलेलं असतं, लोखंडाच्या खिळ्यासारखं नसतं, म्हणून चिकटणार नाही. तिने ते वहीत उतरवून घेतलं.

एकदा रजेच्या अर्जावर मी कारण लिहीत होते. ती म्हणाली, “मॅडम, ‘आजारी’ लिहू नका. ‘रक्त घ्यायला गेली’ असं लिहा. आजारी असते तर मी शाळेत आलेच नसते.”

तिच्या या बोलण्यात मला एक मोठी गोष्ट कळली. तिला दया नको होती, सूटही नको होती. वर्गात आपली जागा आहे आणि आपण नसलो तरी ती राहते, एवढंच तिला हवं होतं. मग आम्ही तसंच केलं. ती नसली की पाळीपाळीने एक जण तिची वही लिहायचा. गृहपाठ फोनवर जायचा. रुग्णालयात ती नर्सताईंना सांगून सुई डाव्या हातात लावून घ्यायची, म्हणजे उजवा हात गणितांना मोकळा. ती गणितं दुसऱ्या दिवशी मी इतरांसारखीच तपासायचे, चुकलेल्यावर लाल रेघ मारून. लाल रेघ दिसली की ती भांडायला यायची. मला ते फार आवडायचं.

दहावी ती चांगल्या गुणांनी पास झाली. अकरावीत असताना तिचं हृदय थकत गेलं. १६ वर्षांची असताना ती गेली.

तिच्यासाठी हळहळून तुम्ही हा व्हिडिओ बंद करावा, असं मला वाटत नाही. तीन गोष्टी सांगते.

शिक्षकांना सांगते, तुमच्या वर्गात असं मूल असेल तर त्याला गृहपाठ विचारा. न विचारणं म्हणजे ‘तू आमच्यातला नाहीस’ असं सांगणं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये थॅलेसेमियाचा समावेश आहे, हे शाळेलाही माहीत असू द्या.

तरुणांना सांगते, लग्नाआधी पत्रिका बघा किंवा बघू नका, पण ‘एचबीए टू’ ही रक्ततपासणी करून घ्या. दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. मायनर माणसाला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि ज्यांचं वय १८ पूर्ण आहे, प्रकृती चांगली आहे, त्यांनी रक्तदान करा. विशेषतः मे महिन्यात. कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, पण या मुलांची तारीख पुढे ढकलता येत नाही. तिची वही लिहिणाऱ्यांपैकी काही जण आता १८ वर्षांचे झाले आहेत. ते रक्त द्यायला जातात आणि मला फोटो पाठवतात. खाली लिहितात, ‘मॅडम, पेट्रोल भरून आलो.’