चाललेल्या वाटेची नोंद

बामणोलीहून बोट सुटली कीं शिवसागराच्या पाण्यावर थोड्याच वेळांत प्रवाशांच्या हातांतील फोन एकामागून एक मुके होऊं लागतात. कोणी फोन उंच धरून पाहतो, कोणी तो बंद करून पुन्हां चालू करतो, आणि शेवटीं ‘आतां याचा कांहीं उपयोग नाहीं’ असें म्हणून तो खिशांत टाकला जातो. वासोट्याच्या पायथ्याशीं उतरून गडाची वाट धरणाऱ्या मंडळींपैकीं पुष्कळांची अशीच समजूत असते कीं, मनोऱ्याचा संपर्क तुटला म्हणजे आपण कोठें आहों हें फोनलाहि कळेनासें होतें. ही समजूत चुकीची आहे. ती कां चुकीची आहे हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद खिशांतल्या यंत्रांत कशी होते, आणि होणाऱ्या नोंदीवर सत्ता कोणाची, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा पुष्कळसा सोपा होतो.

फोन आपली जागा मनोऱ्यास विचारीत नाहीं. निदान विचारलीच पाहिजे असें नाहीं. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जी. पी. एस. चे उपग्रह अखंडपणें वेळेचे संकेत पाठवीत असतात, आणि फोन ते केवळ ऐकत असतो. नभोवाणीच्या श्रोत्यांना ही गोष्ट समजावून सांगण्यास फारसे शब्द खर्ची घालण्याचें कारण नाहीं. कोणत्या घरांत कोण ऐकत बसलें आहे हें जसें नभोवाणी-केंद्रास माहीत नसतें, तसेंच कोणत्या डोंगरांत कोणता फोन कान देऊन उभा आहे याची उपग्रहास वार्ताहि नसते. संकेत निघाल्यापासून फोनपर्यंत पोंचण्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा हिस्सा लागतो. या विलंबावरून उपग्रहाचें अंतर काढावयाचें, आणि अशा तीन अंतरांच्या छेदावरून स्वतःची जागा ठरवावयाची, एवढाच हा हिशेब. मात्र सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटर सरकते, आणि फोनमधील घड्याळ कांहीं इतकें काटेकोर नसतें. म्हणून चौथा उपग्रह घ्यावा लागतो. तो फोनच्या घड्याळाची चूक दुरुस्त करतो.

येथें एक व्यावहारिक अडचण आहे. कोणता उपग्रह या क्षणीं कोठें आहे हें कळल्यावांचून हा हिशेब मांडतां येत नाहीं. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर तीस सेकंदांनीं पुन्हां सांगतो. सर्व उपग्रहांचें मिळून जें ढोबळ पंचांग असतें तें पुरें ऐकण्यास मात्र साडेबारा मिनिटें लागतात. शहरांत फोन ही माहिती मोबाइलच्या जाळ्यांतून क्षणांत उतरवून घेतो, म्हणून साताऱ्याच्या राजपथावर उभ्या असलेल्या माणसाला आपली जागा लगेच दिसते. रानांत ती सोय नाहीं. तेव्हां ज्याला वासोट्याची वाट नोंदवावयाची असेल त्यानें बामणोलीसच, उघड्या आकाशाखालीं, फोनला हें ऐकण्यास पांच-दहा मिनिटें स्वस्थपणें द्यावींत. झाडीखालीं शिरल्यावर ही घाई करून उपयोग होत नाहीं.

चाललेल्या वाटेची नोंद ही कांहीं आजची कल्पना नव्हे. १८६५ सालीं निघून लासापर्यंत जाऊन आलेले कुमाऊंचे पंडित नैनसिंग रावत यांनीं ती आपल्या पायांनीं केली होती. ठरावीक लांबीचें पाऊल टाकण्याचा त्यांनीं अभ्यास केला होता. दोन हजार पावलांचा एक मैल, आणि शंभर पावलांमागें माळेचा एक मणी. जपमाळेंत मणी एकशें आठ असतात, यांच्या माळेंत शंभरच होते! दिशा आणि अंतरें टिपलेले कागद प्रार्थनाचक्राच्या पोटांत दडवून ते चालत राहिले. आजच्या फोनांतील नोंद आणि ती माळ यांत तत्त्वाचा भेद फार थोडा आहे. किंबहुना त्या वेळींहि खरा प्रश्न होता तो हाच कीं, ही नोंद कोणाच्या हातीं पडावी आणि कोणाच्या पडूं नये.

आतां लिनक्सवर चालणाऱ्या फोनाकडे वळूं. हेल्सिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं रचावयास घेतलेली ही प्रणाली आज ॲण्ड्रॉइडच्या मुळाशींहि आहे, आणि त्या अर्थानें सांगली-साताऱ्यांतील बहुतेक खिशांतून ती फिरतच असते. तथापि ज्यांना जाणकार ‘लिनक्स-फोन’ म्हणतात ते निराळे. २००७ सालचा नियो १९७३, २००९ चा नोकिया एन ९००, २०२० मध्यें आलेला पाइनफोन ही त्यांतील कांहीं नांवें होत. त्यांच्यावरील बहुतेक आज्ञावली उघडी असते; फोनच्या आंत काय चाललें आहे हें धन्याला पाहतां येतें आणि बदलतांहि येतें. उपग्रहांचे संकेत ऐकणारा भाग दर सेकंदास मजकुराच्या कांहीं ओळी बाहेर टाकतो. या ओळींना त्या धंद्यांत ‘वाक्य’ म्हणतात, हें ऐकून भाषेच्या अभ्यासकांस गंमत वाटेल. वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या असें सारें त्यांत असतें. नोंद करणारा कार्यक्रम या वाक्यांतून वेंचून एकेक बिंदू जी. पी. एक्स. नांवाच्या साध्या मजकुरी वहींत उतरवितो. ही लेखनपद्धति २००२ सालीं आली आणि तिला कोणाचा मक्ता नाहीं. सेकंदास एक याप्रमाणें सहा तासांच्या चालीचे २१,६०० बिंदू होतात, आणि ती सगळी वही फोनच्याच पोटांत राहते. ती दुसऱ्या कोणाकडे जावी असें धन्यानें म्हटल्यावांचून ती जात नाहीं.

याचा अर्थ हे फोन सोईचे आहेत असा मात्र कोणीं करूं नये. पडदा काळा झाला कीं पाइनफोनसारखा फोन वीज वांचविण्यासाठीं गाढ झोंपीं जातो, आणि त्याबरोबर नोंदहि थांबते. गडावर पोंचून पाहावें तो वाट पायथ्याशींच संपलेली! त्याला जागें ठेवण्याची आज्ञा द्यावी तर वीज भराभर संपते, म्हणून जोडीला जादा बॅटरी बाळगावी लागते. आणखी एक विरोधाभास असा कीं, पाइनफोनच्या पाठीमागें मोबाइलचा संपर्क तोडण्याची लहानशी कळ आहे. परंतु उपग्रह ऐकणारा कान त्याच भागांत बसविला असल्यामुळें ती कळ दाबली कीं तोहि बहिरा होतो. मनोऱ्यास आपला ठाव लागूं नये आणि आपल्याला मात्र तो कळावा अशी ज्याची इच्छा असेल, त्यानें कळ न दाबतां सिम काढून ठेवावें हा त्यांतल्या त्यांत बरा मार्ग.

नोंद झाली म्हणजे ती खरीच असते काय? वासोट्याच्या बाबूकड्यासारख्या उभ्या कातळाजवळ संकेत खडकावर आपटून वांकड्या वाटेनें फोनपर्यंत येतात, आणि नकाशावर पाहिलें तर चालणारा दरींत तरंगत गेलेला दिसतो. विसाव्यासाठीं बसलेल्या माणसाचे बिंदू गुंतलेल्या लोकरीच्या गुंडीसारखे एकाच जागेभोंवतीं जमतात. त्या गुंडीची लांबीहि चाललेल्या अंतरांत धरली जाऊन फुकटची फुशारकी पदरीं पडते. उंचीचा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. उपग्रहांचें गणित समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या एका काल्पनिक गुळगुळीत आकारापासून उंची मोजतें, आणि आपल्या भागांत या दोहोंमध्यें साठांहून अधिक मीटरांचें अंतर आहे. कार्यक्रमानें ही दुरुस्ती केली नाहीं तर अजिंक्यतारा तेवढाच खचलेला दिसावयाचा.

सांगलीकडच्या सपाट, उसाच्या मुलखांत आकाश उघडें असतें, तरीहि चांगल्या फोनांत पांच मीटरांच्या आसपास चूक राहतेच. शेतकऱ्याच्या भाषेंत हें मोठें आहे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तो गुंठा. म्हणजे त्याची बाजू सुमारें दहा मीटरांची. पांच मीटरांची चूक म्हणजे अर्ध्या गुंठ्याची बाजूच गेली! १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतांत उभें राहून फोनवरून पिकाची नोंद करण्याचा परिपाठ पडला. आपण अमुक गटांत उभे आहों हें सांगण्यास फोन पुरेसा आहे; बांध कोणी कोरला हें सांगण्यास तो मुळींच पुरेसा नाहीं. त्यासाठीं भूमि-अभिलेख खात्याचे मोजणीदार जीं यंत्रें आणतात त्यांना स्थिर केंद्रांकडून दुरुस्तीचे संकेत मिळत असतात व त्यांची चूक सेंटिमीटरांत मोजली जाते. फोनांतली रेघ दाखवून शेजाऱ्याशीं कज्जा मांडणाराच तोंडघशीं पडेल.

परंतु जेथें पांच मीटरांची चूक क्षम्य आहे तेथें हीच रेघ मोलाची ठरते. सांगलीस कृष्णेचा पूर १९२९ सालच्या आयर्विन पुलावर फुटांत वाचला जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्यें तो सत्तावन्न फुटांच्या वर गेला होता. २००५ आणि २०२१ सालीं पाण्यानें असेंच नगर वेढलें. पुलावरचा आंकडा पाणी किती उंच हें सांगतो. तें कोणत्या गल्लींत शिरलें, कोणत्या कोपऱ्यावर थबकलें, हें त्यावरून घरधन्याला थेट कळत नाहीं. पाणी स्थिर असतां त्याच्या कडेकडेनें, सुरक्षित अंतर राखून, जर कोणी चालत गेला आणि त्या चालीची वेळेसह नोंद ठेवली, तर अमुक फुटांस पाण्याची कड अमुक ठिकाणीं, असा गल्लीनिहाय नकाशा शहराच्या हातीं राहील. पुढल्या पावसाळ्यांत कोणत्या घरानें धान्याचे डबे केव्हां माळ्यावर चढवावे हें त्यावरून आगाऊ ठरवितां येईल. विजेचा आणि जाळ्याचा भरवसा नसलेल्या त्या दिवसांत, केवळ ऐकणारें आणि स्वतःच्याच पोटांत लिहिणारें यंत्र जितकें उपयोगी, तितकें दूरच्या भांडाराकडे हात पसरणारें नव्हे.

वाटेच्या नोंदीचा पद्धतशीर उपयोग या दोन जिल्ह्यांच्या डोंगरांत प्रत्यक्ष होतोच. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. त्याच वर्षीं देशांतील व्याघ्रप्रकल्पांसाठीं ‘एम-स्ट्राइप्स’ नांवाची पद्धति सुरू झाली. वनरक्षक गस्तीस निघाला कीं त्याची चाल बिंदूबिंदूनें नोंदली जाते, आणि वाटेंत दिसलेले पंजे, विष्ठा, तोडलेलें झाड, लावलेला फास हे त्या त्या जागेसह लिहिले जातात. २०१८ च्या व्याघ्रगणनेंत हें काम फोनवरच झालें. कोणतें रान महिनाभर कोणीं पाहिलें नाहीं हें नकाशावर पांढऱ्या डागासारखें उठून दिसतें. पूर्वीच्या गस्तीच्या वहींत ‘सर्वत्र फिरलों, कांहीं विशेष नाहीं’ एवढ्यावर भागत असे. आतां तें भागत नाहीं. वनरक्षकानें खरोखरीच सारा दिवस कडे चढून काढला असेल तर त्याच्या कष्टांना ही नोंद साक्ष आहे, आणि ओढ्याकांठीं तासभर पाठ टेकली असेल तर तिचीहि साक्ष आहेच. चाकरी करणाऱ्या माणसास हें जाचक वाटणें स्वाभाविक होय, आणि लोकरीच्या गुंडीवरून त्यास जाब विचारणाऱ्या वरिष्ठानें त्या दिवशीं तो चढ स्वतः चढून पाहावा हें बरें. त्याच नोंदी शिकाऱ्याच्या हातीं पडल्या तर मात्र कोणत्या रानांत कोणी फिरकत नाहीं हें त्यासहि तितकेंच स्पष्ट दिसेल. त्या उघड्यावर मांडावयाच्या नसतात त्या याचसाठीं.

ही भीति काल्पनिक नाहीं. धांवण्याच्या व सायकलीच्या वाटा नोंदणाऱ्या स्ट्राव्हा या कंपनीनें जगभरच्या वाटांचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यांत कोणाचेंहि नांव नव्हतें. तरी वाळवंटांतील लष्करी तळांच्या कुंपणांची आंखीव रूपरेषा सैनिकांच्या व्यायामामुळें त्यांत लखलखत असल्याचें जानेवारी २०१८ मध्यें लोकांच्या ध्यानांत आलें. आपल्याकडे त्याआधीं कांहीं महिने, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता. माणूस कोठें जातो हें कळलें कीं तो कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणत्या देवळांत बसतो, कोणाच्या घरीं रात्रीं उशिरांपर्यंत थांबतो हेंहि कळतें. त्यास नांवाची जोड असण्याची गरज राहत नाहीं, कारण रोज रात्रीं जेथें वाट संपते तेंच त्याचें घर. लिनक्स-फोनानें यांतील एक दार बंद होतें, सगळीं नव्हेत. फोनांत सिम असेल तोंवर तो कोणत्या मनोऱ्याच्या टापूंत आहे हें मोबाइल कंपनीस कळणारच.

म्हणून वासोट्याची किंवा कासच्या पठारावरची वाट मित्रांस द्यावयाची झाली तर वही जशीच्या तशी हवालीं करूं नये. ती मजकुराचीच वही असल्यामुळें कोणत्याहि साध्या लेखन-कार्यक्रमांत उघडतां येते. घरापासून नोंद सुरू केली असेल तर पहिले आणि शेवटचे तीनशें बिंदू, म्हणजे दारापासूनची पांच मिनिटांची चाल, दोन्ही टोंकांनीं कापून टाकावी. वाहनानें निघालें असल्यास याहून अधिक. कासला मुख्य वाट सोडून एखाद्या दुर्मिळ फुलापाशीं पावलें वळलीं असतील तर तेवढा तुकडाहि गाळावा, नाहींतर पुढल्या रविवारीं त्याच रेघेवरून पन्नास माणसें त्या फुलावर येऊन उभीं राहतील. बाकीची वाट खुशाल द्यावी.