एसीतला गॅस जातो कुठे?

दरवर्षी एसीत गॅस भरावाच लागतो, असं अनेक घरांत धरून चालतात. मार्च उजाडला की मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो. पण एसीच्या नळ्या बंदिस्त असतात. त्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची, एवढंच काम तोच गॅस वर्षानुवर्षं करत राहतो. तो कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे.

घरगुती एसीत साधारण किलोभर गॅस असतो. आर-410ए जातीचा तेवढा गॅस हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो 2088 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. हल्ली सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-32चा आकडा 675. आता विजेकडे पाहू. आपल्याकडे बहुतांश वीज कोळशावर होते, त्यामुळे वर्षाला हजार युनिट खाणाऱ्या एसीच्या नावावर साधारण 700 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे आर-410एची एक पूर्ण गळती जवळजवळ तीन वर्षांच्या विजेइतकी महाग!

खिशाचा हिशेब स्टार लेबलवर छापलेला असतो. तो 1600 तासांच्या वापराचा. एकावर 1000 युनिट, दुसऱ्यावर 750 असेल, तर दहा रुपये दराने वर्षाला अडीच हजार वाचतात. एसी एप्रिल-मे एवढाच लागत असेल, तर ही बचत बरीच आटते. तिथे महागडा फाइव्ह स्टार घेण्याचा आग्रह नको. तापमान मात्र सगळ्यांनीच 24च्या खाली नेऊ नये. तापमान एकेक अंश वर ठेवलं, की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

उष्णता अडवणाऱ्या या गॅसांना पर्याय आपल्या दाराशीही तयार झाला आहे. गोदरेजने 2012 मध्ये प्रोपेनवर चालणारे एसी बाजारात आणले, ते सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यातून. आर-410एचा 2088 असलेला आकडा प्रोपेनसाठी पाचच्याही खाली. तो पेट घेतो, म्हणून बसवणारा हात प्रशिक्षित हवा.

सर्वांत दुर्लक्षित असतो तो एसीचा शेवट. भंगारात तांब्याची नळी कापली जाते आणि उरलेला सगळा गॅस क्षणात सुटतो. कायद्याने जुना एसी हा ई-कचरा आहे. तो नोंदणीकृत केंद्राकडेच द्या, आणि यंदा मेकॅनिक आला की गॅस भरण्याआधी गळती शोधायला सांगा.